गिअरच्या सायकलची चेन का घसरते?

आपल्या कार्यक्रमात आज कर्ज नाही, हप्ता नाही, वसुली नाही. आज सायकल, आणि तीही गिअरची. हसू नका. गेल्या पावसाळ्यात आमच्या गटाची एक अख्खी मासिक बैठक या विषयावर गेली आणि अंतर्गत कर्जाच्या वहीत कारण म्हणून पहिल्यांदाच ‘फ्रीव्हील’ असा शब्द लिहिला गेला.

आमचा भाग अकोले तालुक्याच्या पश्चिमेचा, सगळा चढ-उताराचा. वाडीवरून राजूरच्या कॉलेजला जायचं तर आधी ओढ्यापर्यंत उतार आणि मग छातीवर येणारा चढ. साध्या सायकलीवर पोरी चढाला उतरून ढकलत न्यायच्या. मग नाशिक-पुण्याला कामाला गेलेल्या कुणाच्या मामाने, कुणाच्या भावाने सोसायटीत धूळ खात पडलेल्या गिअरच्या सायकली पाठवल्या. जाड टायर, पुढे शॉकअप, हँडलला दोन्हीकडे गिअर. आज आमच्या दोन वाड्यांत अशा नऊ सायकली आहेत आणि त्या नऊवर अकरा मुली शिकतात, म्हणजे दोघी डबलसीट जातात. (डबलसीट चढाला बरं नाही, हे सांगून झालंय.)

आमच्या गटातल्या एका ताईंची लेक अकरावीला. ऐन चढावर उभी राहून पायडल मारताना चेन घसरली, पाय सटकन खाली गेला आणि हनुवटी हँडलवर आपटली. दोन टाके पडले. वडिलांनी त्याच दिवशी सांगून टाकलं, आता एसटी आली तर कॉलेज, नाही तर घरी. पावसाळ्यात आमच्याकडे एसटी येण्याचा भरवसा किती, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. ताईंनी सायकल एसटीच्या टपावर घालून तालुक्याच्या एका दुकानात नेली, चारशे रुपये देऊन नवी चेन टाकून आणली. दुसऱ्या दिवशी चेन आधीपेक्षा जास्त घसरायला लागली. पुन्हा दुकानात गेल्या तर उत्तर मिळालं, “जुनी सायकल आहे, भंगारात द्या.”

नवी चेन जुन्या चेनपेक्षा जास्त का घसरावी? आम्हालाही वाटलं, चेन खोटी दिली. तसं नव्हतं. चेन चांगलीच होती. दुकानदाराची चूक एवढीच की त्याने मागचे दाते बघितले नाहीत. हे आम्हाला समजलं गणपतीत, एका ताईंचा भाऊ सुटीला आला तेव्हा. तो नाशिकला सायकलच्या दुकानात काम करतो. पडवीत अर्धा दिवस बसून त्याने आम्हा सात जणींना जे शिकवलं, तेच आज सांगतो. रेडिओवर हात लावून दाखवता येत नाही, तेव्हा जमलं तर सायकल समोर घेऊन बसा.

आधी गिअर म्हणजे काय ते. डोक्यावर दोन हंडे घेऊन चढ चढताना आपण ढांगा लहान करतो की नाही? पावलं जास्त पडतात, पण दम लागत नाही. गिअर तेच करतं. पुढे पायडलजवळ तीन चक्रं असतात, मागे चाकाला सात. आमच्याकडच्या बहुतेक सायकलींना पुढे 42, 34 आणि 24 दाते आहेत, मागे 14 पासून 28 पर्यंत. पुढचे दाते भागिले मागचे दाते, इतक्या वेळा एका पायडलमध्ये मागचं चाक फिरतं. पुढे 42 आणि मागे 14 असेल तर चाक तीनदा फिरतं. 26 इंची सायकल त्यात सहा मीटर जाते. ही सपाटीची ढांग. पुढे 24 आणि मागे 28 ठेवलं तर चाक एक फेराही पूर्ण करत नाही, सायकल जेमतेम पावणेदोन मीटर जाते. ही हंडेवाली ढांग. आपल्या साध्या सायकलीची एकच ठरलेली ढांग, सुमारे पाच मीटरची. म्हणून ती चढावर छाती फोडते.

या सायकलींना माउंटन बाईक म्हणतात ते उगीच नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या तामाल्पाइस नावाच्या डोंगरावर 1970 च्या दशकात काही पोरं जुन्या, जाड टायरच्या जड सायकली घेऊन डोंगर उतरायची शर्यत लावायची. उतरायला मजा, पण वर न्यायच्या म्हणजे ढकलणं आलं. मग त्यांनी त्यांना गिअर बसवले. 1977 साली जो ब्रीझ यांनी खास अशा डोंगरासाठी पहिल्यापासून नवी सायकल घडवली. म्हणजे त्यांचीही अडचण आपल्या पोरींचीच होती.

आता चेन. सगळे म्हणतात चेन ‘ताणली गेली’. लोखंड परकराच्या नाडीसारखं ताणलं जात नाही. जुने पैंजण हातात घेऊन बघा. कडीत कडी जिथे अडकते तिथे चांदी झिजून पातळ झालेली असते आणि पैंजण आधीपेक्षा लांब लोंबतं. चेनचंही तसंच. प्रत्येक पिन आपल्या भोकात थोडी थोडी झिजते. एका पिनेची झीज डोळ्याला दिसत नाही, पण शंभरावर पिना असतात, सगळ्यांची मिळून चेन लांब होते. चिखल, मुरमाची धूळ आणि तेल यांचा जो काळा लगदा चेनवर बसतो, तो पिनेच्या सांध्यात शिरून पॉलिश पेपरसारखं काम करतो.

चेन लांब झाली की तिची कडी दात्याच्या बुडाशी न बसता वरवर चढून बसते. मग सगळा जोर दोन-तीन दात्यांवर येतो आणि ते झिजून विळ्याच्या टोकासारखे वाकडे होतात. वाकड्या दात्याला झिजलेली चेन बरेच दिवस सांभाळून घेते, कारण दोघी बरोबरच झिजल्या. नवी चेन मात्र बरोबर मापाची. ती त्या वाकड्या दात्यांत बसत नाही, जोर दिला की वरून उडी मारते. ताईंच्या लेकीच्या सायकलचं हेच झालं होतं. चेन वेळेवर बदलली असती तर मागचं फ्रीव्हील वाचलं असतं आणि हनुवटीही.

वेळेवर म्हणजे कधी? हे मोजता येतं, आणि मोजायला सुताराची लोखंडी टेप पुरते. शिवणकामाची टेप नको, ती खरोखरच ताणते. चेनची प्रत्येक कडी पिनेच्या मध्यापासून पुढच्या पिनेच्या मध्यापर्यंत बरोबर अर्धा इंच असते. म्हणजे 24 कड्यांचे 12 इंच. मागचा ब्रेक धरून पायडलवर हलका हात दाबा, वरची चेन ताठ होईल. टेपच्या टोकाचा हुक थोडा हलतो, तेव्हा 1 इंचाची रेघ एका पिनेच्या मध्यावर धरा. त्या पिनेला शून्य म्हणा आणि पुढे 24 पिना मोजा. चोविसावी पिन बरोबर 13 च्या रेघेवर आली तर चेन नवी आहे.

गवंडी-सुतार इंचाचे आठ भाग करतात, त्या एका भागाला सूत म्हणतात हे तुम्हाला माहीत आहे. चोविसावी पिन रेघेच्या अर्धा सूत पुढे गेली की चेन बदला. फक्त चेन बदलून भागेल. पूर्ण एक सूत पुढे गेली तर बहुधा फ्रीव्हीलही गेलं, दोन्ही एकदम बदलावं लागेल. आमच्याकडे चेन साडेतीनशे-चारशेला मिळाली, फ्रीव्हील साडेचारशेला. तुमच्याकडे थोडा फरक पडेल. पण अर्ध्या सुतावर लक्ष ठेवलं तर एका फ्रीव्हीलवर दोन-तीन चेनी निघू शकतात, हा खरा हिशेब.

चेन घेताना एक सांभाळा. साध्या सायकलची चेन रुंद असते, ती गिअरला चालत नाही. मागे सहा, सात किंवा आठ चक्रं असतील तर एकाच प्रकारची चेन चालते, डब्यावर 6, 7, 8 स्पीड असं लिहिलेलं असतं. आणि मागच्या दात्यांकडे बघून घाबरू नका. नव्या फ्रीव्हीललाही काही दाते मुद्दाम आखूड आणि तिरके कापलेले असतात, चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सहज जावी म्हणून. झिजलेला दाता वेगळा ओळखू येतो. त्याची एकच बाजू खाल्लेली असते.

चेन घसरते म्हणजे दर वेळी झीजच असते असंही नाही. आमच्या नऊपैकी तीन सायकलींची दुखणी वेगवेगळी निघाली. एकीची चेन ठरावीक फेऱ्यांनंतर ‘टक्’ करायची, पायडल उलटं फिरवलं तरी. तिथे एक कडी गंजून आखडली होती. पायडल हळू उलटं फिरवत खालच्या छोट्या दोन चाकांजवळ नजर ठेवली की आखडलेली कडी वळताना उडी मारते, ती लगेच सापडते. तिच्यावर तेलाचा थेंब सोडून दोन्ही अंगठ्यांनी चेन आडवी डावी-उजवीकडे वाकवली की मोकळी होते. खर्च शून्य. दुसरीचं गिअर वर चढायचं पण खाली यायला आढेवेढे घ्यायचं. तिची केबल बाहेरच्या काळ्या नळीत गंजली होती. पावसाळ्यानंतर हे फार होतं. केबल आणि नळी दोन्ही बदला, तेल ओतून दिवस ढकलू नका.

तिसरीचं दुखणं सगळ्यात धोक्याचं. चेन मोठ्या चक्रावरून आत आऱ्यांमध्ये पडायची. चालत्या सायकलची चेन आऱ्यांत गेली तर आरे तुटतात, डिरेलर उपटून येतो आणि मागचं चाक जागच्या जागी जाम होतं. डिरेलर म्हणजे मागे खाली लटकणारं, चेन इकडून तिकडे सरकवणारं ते यंत्र. सायकल उजव्या अंगावर पडली की ते ज्या पट्टीवर लटकतं ती पट्टी आत वाकते. सायकलच्या मागे उकिडवं बसून बघा: डिरेलरची दोन छोटी चाकं मागच्या चक्रांच्या सरळ रेषेत उभी दिसली पाहिजेत. तिरकी दिसली तर आधी पट्टी सरळ करून घ्या. पट्टी लोखंडाची असेल तर मिस्त्री सरळ करून देतो, ॲल्युमिनियमची असेल तर वाकवताना तुटू शकते, ती बदलूनच मिळते. पट्टी वाकडी असताना स्क्रू फिरवत बसलात तर दिवस जाईल आणि हाती काही लागणार नाही. आम्ही एक रविवार असाच घालवला.

पट्टी सरळ असेल तर पुढचं काम घरचं आहे. सायकलची सीट दोरीने पडवीच्या तुळईला टांगा, म्हणजे मागचं चाक मोकळं फिरेल. पदर खोचा, ओढणी काढून ठेवा, आणि एकीने पायडल फिरवताना दुसरीने चेनजवळ बोट न्यायचं नाही.

डिरेलरवर दोन छोटे स्क्रू असतात, शेजारी इंग्रजीत एच आणि एल ही अक्षरं. हे गिअर बदलत नाहीत, फक्त कुंपण घालतात. एचचं कुंपण बाहेरच्या, सगळ्यात लहान चक्राच्या बाजूला, एलचं आतल्या, मोठ्या चक्राच्या आणि आऱ्यांच्या बाजूला. चेन सर्वांत लहान चक्रावर ठेवा. मागून बघितल्यावर डिरेलरचं वरचं छोटं चाक त्या चक्राच्या बरोबर खाली हवं. नसेल तर एच स्क्रू पाव-पाव फेरा फिरवून आणा. मग डिरेलर हाताने आत ढकलून चेन मोठ्या चक्रावर न्या. ती तिथे थांबली पाहिजे. आणखी आत जायला बघत असेल तर एल स्क्रू घट्ट करा. स्क्रू कधीही पाव फेऱ्याहून जास्त फिरवू नका, आणि दर वेळी बघा.

राहिला ताण. केबल डिरेलरमध्ये शिरते तिथे हाताने फिरवायचा एक दट्ट्या असतो. लहान चक्रावरून एक क्लिक करा. चेन दुसऱ्या चक्रावर चढायला कुरकुरत असेल तर केबल सैल आहे. दट्ट्या मागून बघताना डावीकडे, म्हणजे घड्याळाच्या उलट, अर्धा फेरा फिरवा. एका क्लिकमध्ये तिसऱ्या चक्राला घासायला लागली तर केबल जास्त ताणली गेली. तो उजवीकडे फिरवा. नवी केबल टाकली की पंधरा-वीस दिवसांत ती थोडी सैल होतेच, तेव्हा पुन्हा अर्धा फेरा. यासाठी दुकानात पन्नास रुपये देऊ नका. पुढच्या डिरेलरलाही एच, एल असेच असतात. त्याला हात लावायची वेळ आमच्यावर आली नाही.

मुलींना एवढं सांगा. गिअर चढ सुरू होण्याआधी बदलायचं, पायडल फिरतं ठेवून पण पाय हलका ठेवून. चढावर उभं राहून, सगळं वजन टाकून गिअर बदललं की चेनवर घण पडल्यासारखं होतं. आणि पुढे सगळ्यात मोठं चक्र, मागेही सगळ्यात मोठं, अशी तिरकी जोडी लावायची नाही. दोन्हीकडे लहानही नाही. चेन वाकडी धावते, लवकर झिजते. म्हणून 21 गिअरमधले कामाचे गिअर खरं तर बारा-तेराच.

तेलाबद्दल आमचं मत जरा कडक आहे. मोटारसायकलचं जळकं ऑइल चेनला घालू नका. ते फुकट मिळतं हे खरं, पण त्यात इंजिनाची झीज आणि काजळी मिसळलेली असते, आणि त्याच्या चिकट थरावर धूळ बसून तोच काळा लगदा तयार होतो. खोबरेल थंडीत गोठतं. चेन आधी रॉकेल किंवा डिझेलमध्ये भिजवलेल्या फडक्याने, जुन्या दात घासायच्या ब्रशने साफ करा, पूर्ण सुकू द्या, मग शिलाई मशीनचं तेल प्रत्येक रोलरवर एकेक थेंब. दहा-बारा वेळा पायडल उलटं फिरवा आणि बाहेरचं तेल कोरड्या फडक्याने पुसून टाका. तेल आत हवं, बाहेर नको. शिलाईचं तेल पातळ असल्याने पावसात धुऊन जातं, तेव्हा भिजून आल्यावर पुन्हा घालावं लागतं. आवणीच्या दिवसांत आम्ही आठवड्याला दोनदा घालतो.

काही जणींनी विचारलं, यात सुधारणा काय करता येईल, भारी गिअर टाकता येतील का. मागे आठ-नऊ चक्रं टाकायची म्हटली तर हँडलवरचं गिअर, चेन, कधी कधी चाकसुद्धा बदलावं लागतं. सायकलच्या किमतीइतका खर्च. नवा शॉकअपही नको. आमच्या चढासाठी एकच बदल पैसे वसूल करणारा ठरला: मागे 28 ऐवजी 34 दात्यांच्या मोठ्या चक्राचं सात गिअरचं फ्रीव्हील. पुढे 24 आणि मागे 34, म्हणजे एका पायडलला दीड मीटर. घेण्याआधी तुमच्या सायकलचा डिरेलर 34 दाते घेतो का, ते दुकानात सायकल नेऊनच विचारा. आणि चेनही त्या हिशेबाने लांब लागेल. चेन डिरेलरमधून न घालता पुढच्या आणि मागच्या सगळ्यात मोठ्या चक्रावरून फिरवा, टोकं जिथे भेटतात त्याहून दोन कड्या जास्त ठेवून कापा. आखूड कापली तर चुकून मोठ्यावर मोठं गिअर पडताच डिरेलर मोडतो.

फ्रीव्हील काढायला एक खाचांचं टूल लागतं, दीड-दोनशेचं. खाचा निरनिराळ्या असतात, म्हणून टूल घ्यायला चाक बरोबर न्या. टूल खाचेत बसवून, निसटू नये म्हणून ॲक्सलच्या नटाने हलकं धरून, लांब पान्याने डावीकडे फिरवायचं. पायडल मारून मारून ते इतकं घट्ट बसलेलं असतं की आम्ही पान्याला पंपाच्या पाइपचा तुकडा लावला आणि दोघी त्यावर लोंबकळलो, तेव्हा कुठे ‘कडक्’ झालं. सैल होताच नट काढा, नाही तर टूल अडकतं. नवं बसवताना आट्यांना ग्रीस लावून हाताने फिरवा. पुढे पायडल मारताना ते आपोआप घट्ट होतं.

अकरावीतल्या त्या मुलीच्या सायकलला आम्ही 34 दात्यांचं फ्रीव्हील बसवलं. नवी चेन आधीची होती, पण ती आखूड पडली, तेव्हा चार कड्या जोडल्या. वडील बाजूला खाटेवर बसून बघत होते. संध्याकाळी त्यांनी सायकल घेतली, चढ चढून वरच्या देवळापर्यंत गेले आणि परत आले. बोलले काहीच नाहीत. सकाळी लेक दप्तर लावून निघाली तेव्हा दारात सायकल पुसून ठेवलेली होती.

ग्रामसंघाच्या पैशातून आता एक पेटी केली आहे: चेन कापायचं टूल, फ्रीव्हीलचं टूल, दोन पेचकस, पान्यांचा सेट, लोखंडी टेप आणि शिलाईच्या तेलाची बाटली. पेटी न्यायची तर वहीत सही. मागच्या बैठकीत नऊही सायकलींच्या चेनी मोजल्या. चार अर्ध्या सुताच्या पुढे गेल्या होत्या, दोन पूर्ण सुतावर. पुढची मोजणी महिन्याच्या पहिल्या शनिवारी, बैठकीच्या आधी तासभर. येताना चेन पुसून आणा, मागच्या वेळी हजेरीच्या वहीवर सगळ्यांचे काळे अंगठे उमटले आणि सचिवताई अजून रागावलेल्या आहेत.